चश्मदीद काढणारे काका

चंडीगडला आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, त्या काकांनी मला एकदा ठार मारलं. गच्चीवर सतरंजी अंथरली, मला तिच्यावर पालथं झोपवलं, मान भिंतीकडे वळवायला लावली आणि म्हणाले, "आता मेलास. हलू नगंस." हिवाळ्यातलं ऊन होतं. मी तासभर मेलेला राहिलो आणि ते स्टुलावर बसून पेन्सिल चालवत राहिले. मधेच माझी बायको कपडे वाळत घालायला आली, मला ओलांडून दोरीपाशी गेली, चादर झटकली आणि पुन्हा ओलांडून खाली गेली. तोपर्यंत तिला सवय झाली होती.

काका मूळचे कोल्हापूरकडचे. तरुणपणी सिनेमाचे मोठाले फलक रंगवणाऱ्यांच्या हाताखाली शिकले, मग हवाई दलात नकाशे-आराखडे काढायच्या कामावर लागले, बदल्या होत होत चंडीगडला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. त्यांची बायको वारली होती, मुलगी परदेशात. मी सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संस्थेत जंतूंवर संशोधन करायला आलो होतो. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' करून टाकलं. पीएच.डी. व्हायला अजून अवकाश होता, पण काकांना कोण सांगणार! माझी बायको शहराबाहेर मुल्लानपूरच्या एका नव्या शाळेत शिकवायची. तिला ते 'पोरी' म्हणायचे.

चाळीस वर्षं पंजाबात काढूनही काकांची भाषा पंचगंगेचं पाणी सोडायला तयार नव्हती. हिंदीसुद्धा ते कोल्हापुरी हेल काढून बोलत. भाजीवाला त्यांना 'अंकल जी' म्हणे आणि ते त्याला 'काय रे लेका' म्हणत. दोघांचं उत्तम चाले.

तर हे काका 'चश्मदीद' नावाची हिंदी चित्रकथांची मालिका काढत. दिल्लीचा एक छोटा प्रकाशक ती छापायचा, आणि अलीकडे ती मोबाइलवरही वाचता येई. सगळं काळं-पांढरं, रंगाचा ठिपका नाही. चश्मदीद म्हणजे गुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार. त्यांचा नायक दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि अंधार पडला की शहरात फिरायचा. पोलिसांना न सापडलेली माणसं शोधून तो स्वतःच त्यांचा निकाल लावायचा. त्याचा चेहरा कुणी कधी पाहिला नव्हता. कानटोपी, वर केलेली कॉलर, कोटाच्या खिशात हात, एक खांदा जरा खाली. प्रत्येक अंकाच्या शेवटी तो घरी येऊन नळाखाली हात धरून बसे, टाकीतलं पाणी संपेपर्यंत.

"काका, एवढे दुष्ट लोक मारले त्याने, जरा सुखाने झोपू द्या की त्याला," मी एकदा म्हणालो.

"झोपंल कसा? मारलेला माणूस खरा का खोटा, त्यालाच ठावं न्हाई."

कॉलेजची पोरं वेड्यासारखी वाचत. मी मात्र एक अंक वाचला आणि दोन दिवस जिन्यातला दिवा चालू ठेवला. जंतूंना न घाबरणारा माणूस मी, पण त्या चित्रांत काहीतरी होतं. गल्ली ओळखीची, झाडं ओळखीची, आणि सगळीकडे कुणीतरी नुकतंच तिथून निघून गेल्यासारखं.

काकांचा एक कडक नियम होता. चेहरा मनाने काढायचा नाही. कथेत खुनी असो, बळी असो, चहावाला असो, प्रत्येकासाठी खरा माणूस समोर बसला पाहिजे. बसणाऱ्याला चहा आणि कोल्हापुरी गुळाचा खडा मिळे. त्यामुळे आमच्या सेक्टरातलं निम्मं मार्केट चश्मदीदच्या हातून मेलेलं होतं. बेकरीवाल्या सरदारजींनी स्वतःहून अफूचा तस्कर व्हायची इच्छा दाखवली आणि अंक निघाल्यावर तो काउंटरवर लावून ठेवला. शेजारचे रिटायर्ड कर्नल मात्र महिनाभर बोलत नव्हते, कारण त्यांना ब्लॅकमेलर केलं होतं आणि शिवाय टक्कल दाखवलं होतं. टक्कल खरं होतं, ब्लॅकमेल खोटं होतं, आणि राग टकलाचा होता.

समोर बसलेल्यांची पेन्सिलीने काढलेली डोकी काका बाहेरच्या खोलीत दोरीला चिमट्यांनी लटकवत. पंखा लावला की ती सगळी डोकी एकदम मान हलवत. भाडं द्यायला गेलो की मी दारातूनच "काका" म्हणून हाक मारी. त्यात माझंही डोकं होतं, मेलेलं.

रस्त्यातून चालताना काका कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. नजर खाली, चपला-बुटांवर. माणसं ते पायांवरून ओळखायचे. बोलतानासुद्धा समोरच्याच्या कानाकडे बघत. नव्या माणसाला वाटे, आपल्या कानाला साबण राहिलाय.

"चेहरं उगा गोळा करायचं न्हाईत," ते म्हणाले होते. "आत जाऊन बसत्यात. मग नको तवा भाईर येत्यात."

घरात आरसाही एकच होता, दाढीपुरता, आणि तोही ते उलटा करून ठेवत. आम्ही हसायचो. म्हाताऱ्या माणसाची एकेक तऱ्हा असते म्हणून सोडून द्यायचो.

त्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते तापाने पडलो होतो तेव्हा. काकांनी वाचायला जुने अंक पाठवले होते. बसच्या रांगेत एक माणूस उभा होता. रुंद कपाळ, गालफडं बसलेली, ओठ किंचित उघडे, आता काही विचारेल असा. पुढच्या अंकात तो भाजीमंडईत होता, त्याच्या पुढच्यात दवाखान्याच्या पायरीवर. कथेशी त्याचा काही संबंध नाही. फक्त गर्दीत उभा, आणि वाचणाऱ्याकडे बघतोय. मी सगळे अंक चाळले. तो प्रत्येक अंकात होता.

बरं वाटल्यावर मी काकांना विचारलं, "हा कोण बसला होता? दोरीवर तर याचं डोकं नाही."

काका चहा गाळत होते. गाळणी तशीच धरून उभे राहिले.

"त्याला म्या काढत न्हाई, डॉक्टर," ते म्हणाले. "तो येतो."

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा तिने ते अंक पुन्हा काढले आणि आम्ही लहान मुलांच्या मासिकातल्या कोड्यासारखा तो माणूस शोधत बसलो. "हा बघ! इथे आहे!" म्हणत. ती माझ्यापेक्षा पटकन शोधायची. पुढे पुढे तिला पान उलटताच दिसायचा.

त्यानंतर मुल्लानपूरची ती गोष्ट घडली. शाळा सुटल्यावर बायको रिक्षाची वाट बघत उभी होती. दुपारची वेळ, अर्धवट बांधलेल्या इमारती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक म्हातारी बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. मागून स्कूटरवाला आला, तिच्या कानातले झुमके हिसकावले आणि गेला. बाई दुभाजकावर डोकं आपटून पडली. बायकोनेच आरडाओरडा करून माणसं जमवली आणि तिला हॉस्पिटलात पोचवलं. बाई शुद्धीवर येईना. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. माझी बायको एकटीच.

पोलिसांनी तिला कॉम्प्युटरवर नाकं, डोळे, हनुवट्या दाखवल्या. ती घरी येऊन रडली. म्हणाली, सगळे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. मग तपास करणारे इन्स्पेक्टर स्वतः आमच्याकडे आले. त्यांनी काकांचं नाव ऐकलं होतं.

"अंकल जी, आप बना दो. मॅडम बोलती जाएँगी, आप बनाते जाना. बस इतना ही काम है जी."

"नहीं बनाता," काका म्हणाले आणि आत निघून गेले.

इन्स्पेक्टर गेल्यावर बायको खाली गेली. मीही मागोमाग गेलो. ती काकांसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काका, ती बाई कदाचित वाचायची नाही. तिच्या सुनेला मी काय सांगू? मी पाहिलं, पण मला सांगता येत नाही असं सांगू?"

काका तिच्या कानाकडे बघत होते. मग त्यांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "उद्या दुपारी ये," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेतून लवकर निघालो. आलो तेव्हा दोघं बाहेरच्या खोलीतच होती. पंखा बंद होता. बायको उभी राहून चित्र काढायच्या पाटीवर लावलेल्या कागदाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, बाई शुद्धीवर आली.

"हाच," ती मला म्हणाली. "अगदी हाच! काकांनी डोळे काढले आणि मला ओळखच पटली."

मी कागदाकडे पाहिलं. रुंद कपाळ, बसलेली गालफडं, किंचित उघडे ओठ.

काका खुर्चीत मागे रेलले होते आणि पेन्सिल धरलेला हात दुसऱ्या हाताने घट्ट दाबून बसले होते, जणू तो सुटून जाईल. "डॉक्टर," ते म्हणाले, "अंक आण."

मी अंक आणून पाटीशेजारी उघडून ठेवले. बसची रांग. मंडई. दवाखान्याची पायरी. बायकोने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"म्हणजे हा इथेच राहतो!" ती म्हणाली. "काका, तुम्ही याला ओळखता! नाव सांगा, मी आत्ता फोन करते." फोन तिच्या हातात होताच.

"बस पोरी," काका म्हणाले. "आधी ऐक. मग कर फोन."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांच्या मुलीनेही ऐकलं नसावं. ते तरुण होते, एका छावणीच्या गावात नोकरीला. बाजारातून कुणाचं तरी मूल पळवलं गेलं. त्या गावच्या ठाण्यात चित्र काढणारा कुणी नव्हता, म्हणून यांना बोलावलं. मुलाची आई सांगत होती, हे काढत होते. आई रडत होती, अर्धं सांगायची, अर्धं राहायचं. राहिलेल्या जागी यांचा हात आपोआप चालत होता. चित्र पुरं झालं आणि आई किंचाळली, "यही है!"

"चित्र फिरलं गावात," काका म्हणाले. "आमच्या क्वार्टरभाईर झाडाखाली एक इस्त्रीवाला बसायचा. रोज सकाळी त्याच्या म्होरनं जायचो मी. रोज त्याचं तोंड बघायचो. आई जिथं थांबली, तिथं माझ्या हातानं त्याचं तोंड घातलं. मला कळलं बी न्हाई. लोकांनी त्याला झाडाखालनंच वढला. इस्त्रीची गाडी जाळली. पोलीस आलं म्हणून जीव वाचला. दुसऱ्या दिशी पोरगं गावलं, मामाच्या घरी हुतं. इस्त्रीवाला जो गेला, तो मला परत दिसला न्हाई."

पंखा बंद असूनही दोरीवरची डोकी थोडी हलल्यासारखी वाटली. बाहेर कुणीतरी फाटक उघडलं असावं.

"पण काका, मी पाहिलाय," बायको म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "ते वेगळं होतं. मी खरंच पाहिलाय."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी नवा कागद लावला. "डोळं मिट. तोंड सोड त्याचं. पायापासनं सांग."

ती सांगू लागली. काळे बूट, एका बुटाची नाडी लोंबत होती. खाकी पँट. निळा स्वेटर, कोपरावर विरलेला. हातात मोजे. स्कूटरच्या मागच्या दिव्याला चिकटपट्टी लावलेली. काका भराभर काढत होते, त्यांनी एकदाही तिला थांबवलं नाही. स्वेटरच्या वर गळा, गळ्याला मफलर.

"आनी वर?"

"वर हेल्मेट," बायको म्हणाली.

"काच वर हुती का खाली?"

मिटलेल्या पापण्यांखाली तिची बुबुळं फिरताना मला दिसत होती.

"खाली," ती म्हणाली. "काळी काच होती. खाली होती." मग तिने डोळे उघडले आणि हमसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काळ्या काचेच्या आत तिने तोंड बघितलंच नव्हतं. आपण कौतुकाने पानापानावर शोधलेला माणूस तिच्या डोक्यात जाऊन बसला होता, आणि काकांच्या हातात आधीपासून बसलेलाच होता. दोघांनी मिळून त्याला त्या दुपारी बाहेर आणलं होतं. काकांनी तिला थांबवलं नसतं तर संध्याकाळपर्यंत तो चेहरा शहरभर फिरला असता, आणि तसा दिसणारा कुणीतरी माणूस कुठेतरी निवांत चहा पीत बसला असता.

"फाड ते," काका पहिल्या चित्राकडे बोट करून तिला म्हणाले.

तिने कागद हातात घेतला, पण तिला फाडवेना. "मला माहीत आहे तो नाही," ती म्हणाली. "पण नाही फाडता येत हो काका. सोडून दिल्यासारखं वाटतंय." शेवटी काकांनीच शाईची बाटली घेतली आणि कुंचल्याने ते चित्र काळं करायला सुरुवात केली. डोळे त्यांनी सगळ्यात आधी बुजवले.

इन्स्पेक्टरांना दुसरं चित्र दिलं. ते बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अंकल जी, हेल्मेट? ये तो आधा शहर है!"

"आधा ही है," काका म्हणाले. "बाकी आधे को छोड़ दो."

म्हातारी बाई वाचली. एका कानाने तिला ऐकू येईनासं झालं. चोर काही सापडला नाही. बायको तिला भेटायला जायची, फळं घेऊन. बाजारात गेलो की तिची नजर माणसांच्या तोंडांवरून फिरत राही. मी एकदा वैतागून म्हणालो, "अगं, तो नव्हताच ना?" ती म्हणाली, "माहीत आहे मला. तू नको सांगूस." मला भीती वाटायची ती याचीच. ठाऊक असूनही तिचं शोधणं थांबत नव्हतं. कधीतरी ती कुणाकडे तरी बोट दाखवील, आणि तेव्हा जवळ काका नसतील.

नशिबाने तेव्हा काका होते. महिन्याभराने असेल, आम्ही तिघं सेक्टर १७ ला गेलो होतो. तिथल्या एका दुकानात काका आपली पानं स्कॅन करून दिल्लीला पाठवत. काम झाल्यावर कारंज्यापाशी ऊन खात बसलो. सुट्टीचा दिवस, माणसांची ये-जा. शेंगा खाता खाता बायकोने माझं मनगट धरलं. एवढं घट्ट की शेंगा सांडल्या.

"तो," ती म्हणाली.

समोरच्या कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता. रुंद कपाळ, बसलेली गालफडं, ओठ किंचित उघडे. मलाही दिसला. नाही दिसला असं म्हणायची सोय नव्हती. बायकोचा दुसरा हात पर्समध्ये फोन चाचपत होता.

काकांनी आमच्याकडे पाहिलं, मग आम्ही बघत होतो तिकडे. ते उठले. कोटाच्या खिशात हात घातले, एक खांदा जरा खाली सोडला आणि चौक ओलांडून चालायला लागले. ती चाल मी शेकडो पानांवर पाहिली होती. चश्मदीद असा चालत गेला की पुढच्या पानावर काय होतं ते मला ठाऊक होतं. मी उठणार होतो, पण बायकोने मनगट सोडलं नाही.

काका त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. खिशातून हात काढले. टोपी काढली. आणि हात जोडले.

म्हातारा दचकून उठला, इकडेतिकडे बघायला लागला. काका बोलत होते. बराच वेळ बोलत होते. म्हाताऱ्याने मान हलवली, पुन्हा हलवली, मग हातातली पिशवी खाली ठेवली आणि ऐकत राहिला. शेवटी त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाला, पिशवी उचलली आणि गर्दीत निघून गेला.

काका परत येऊन आमच्या शेजारी बसले. धाप लागली होती त्यांना.

"तोच होता? इस्त्रीवाला?" मी विचारलं.

"न्हाई. हुशारपूरचा हाय. पोराकडं आलाय. इस्त्री जन्मात हातात धरली न्हाई म्हणाला."

"मग एवढा वेळ काय बोलत होतात?"

"माफी मागत हुतो."

"त्याची? त्याचा काय संबंध?"

"ज्याची मागायची तो गावत न्हाई डॉक्टर. ह्यो गावला." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "दिली की त्यानं. म्हणाला, उसकी तरफ से मैंने माफ किया जी, अब आप घर जाओ."

पोरं कारंज्याभोवती पळत होती. बायको म्हातारा गेला त्या दिशेला अजून बघत होती. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, पण तोच होता."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, कानाकडे नाही.

"व्हय पोरी," ते म्हणाले. "मला बी तसंच वाटतंय."